चादरवालीची भांडणं

वडनाल मॅडमचं नाव निघालं की आमच्या शाळेत अजून लोक हसतात, आणि मी अजून जळते. तोंडदेखलं बोलायचं माझं वय राहिलं नाही, म्हणून सरळ सांगते. बाई रूपानं म्हणाल तर बेताचीच. ठेंगणी, साडीच्या निऱ्या नेहमी एका बाजूला कललेल्या, चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. शिकवायच्या भूगोल. यात जळण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. पण ही बाई कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी कडाकडा भांडायची आणि भांडून झालं की ती माणसं हिचीच होऊन जायची. आणि माझा पोटचा मुलगा, पुण्यात नोकरीला असलेला, माझ्याशी फोनवर ‘हो’, ‘बघू’ आणि ‘ठेवतो’ याच्या पलीकडं बोलत नव्हता. मग जळू नको तर काय करू?

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकर लोकांच्या वस्तीत. नवरा गेल्यावर मी तिथं बदलून आले, गणिताची शिक्षिका म्हणून, आणि स्टाफरूममध्ये नेमकी वडनाल मॅडमच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, डब्याच्या झाकणाला फोन टेकवून उभा केला, एक घास घेतला आणि फोनकडं बघून म्हणाल्या, ‘‘अय्यो, हे तर पार येडंच हाय की!’’

मला वाटलं, मलाच म्हणाल्या.

मराठी माणसांचं एक संकेतस्थळ आहे. टोपणनाव घेऊन तिथं यायचं, एखादा विषय काढायचा आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं, असा सगळा तिथला कारभार. कुठलं ब्राउझर चांगलं, फोनवाल्या कंपन्या नवीन काय लबाडी करायल्यात, देव आहे का, असला तर कुणाचा, असे सगळे विषय. मॅडमचं तिथलं नाव ‘चादरवाली’. वडील मागावर चादरी विणायचे, म्हणून. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि या संकेतस्थळावर जी काय भाषा लागेल ती.

ब्राउझर म्हणजे इंटरनेट उघडायची खिडकी, इतपत मला ठाऊक होतं. फोन घेताना जी खिडकी आली तीच मी उघडत होते. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. ‘‘बँकेचं काम, देवाची भजनं आणि साड्या, सगळं एकातच?’’

‘‘मग? वेगळं कशाला?’’

‘‘मटणाचं पातेलं तू दुधाला लावतीस का गं?’’

त्यांच्या फोनवर निरनिराळी ब्राउझरं होती. बँकेचं वेगळं, बातम्यांचं वेगळं, भांडणाचं वेगळं. कुठल्या ब्राउझरवाल्यांनी जाहिराती अडवायची सोय काढून घेतली, कुणी लोकांची माहिती गपचूप गोळा केली, हे मॅडमना रोज सकाळी ठाऊक असायचं आणि प्रार्थनेच्या रांगेतच त्या ते माझ्या कानात सांगायच्या. हेडसरांनी एकदा पालकसभेत पडद्यावर निकालाचं संकेतस्थळ उघडलं, तर निकालाच्या वर बनियन घातलेला धडधाकट बाप्या नाचायला लागला. पालक फिदीफिदी हसायला लागले, हेडसर घामाघूम. मॅडम उठल्या, काय खटाखट दाबलं देव जाणे, बाप्या गेला. आणि तेवढ्यावर खाली बसतील तर त्या वडनाल मॅडम कसल्या! सगळ्या पालकांना जाहिराती कशा अडवायच्या यावर त्यांनी भाषण ठोकलं. निकाल राहिला बाजूला. घरी जाताना आया-बाया त्यांच्या भोवती फोन घेऊन गोळा झालेल्या. गणितात नापास झालेल्या पोरांच्या आयांशी बोलायला मी थांबले होते, माझ्याकडं एक फिरकली नाही.

भांडायची त्यांची एक रीत होती. समोरच्यानं कितीही वाकडं लिहिलं तरी उत्तर त्याच दिवशी टाकायचं नाही. लिहून ठेवायचं, आणि टाकायचं दुसऱ्या दिवशी. ‘‘आपली कडक भाकरी कशी, शिळी झाली की जास्त चांगली लागती. उत्तराचं तसंच हाय,’’ असं म्हणायच्या. उत्तराच्या सुरुवातीला समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडायचं आणि विचारायचं, ‘असंच म्हणायचंय ना तुम्हाला?’ त्यानं होय म्हटलं की मग त्याला धुवायचा. आणि सगळ्यात शेवटी, कितीही कडाक्याचं भांडण असू दे, एक ओळ ठरलेली: ‘जेवलात का?’

मला हे नाटकी वाटायचं. लोकांना वाटायचं नाही. आता कुणाला शिव्या देऊन कुणी ‘जेवलात का’ विचारलं तर तो काय करणार? सांगायचा बिचारा. आज मेथी होती, आज खानावळ बंद होती, बायको माहेरी आहे. असं एकदा सांगितलं की पुन्हा पहिल्यासारखा राग धरता येत नाही माणसाला.

धर्मावरच्या भांडणात तर या बाईची कमाल. स्वतः देवभोळी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढं हात जोडून रडणारी. पण तिकडं देव मानणारे जास्त जमले की ही नास्तिकांच्या बाजूनं उभी राहायची, आणि नास्तिक माजले की देवाच्या बाजूनं. ‘‘ज्याच्या बाजूला माणसं कमी, तितं मी.’’

‘‘पण मॅडम, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’’

‘‘ते भांडून झाल्यावर कळतंय की.’’

एकदा कोल्हापूरकडच्या कुणा एकानं, ‘वज्रमूठ’ की काय नाव घेतलेल्यानं, त्यांना नाही नाही ते लिहिलं. धर्मबुडवी काय, विकली गेलेली काय. मी म्हटलं, ‘‘कशाला तोंडाला लागता असल्या माणसाच्या?’’ मॅडमनी दुसऱ्या दिवशी त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडलं, मग त्यावर आपलं म्हणणं, आणि खाली ‘जेवलात का?’ त्यानं लिहिलं, ‘नाही. आज एकादशी.’ मॅडमनी लिहिलं, ‘मग द्वादशीला भांडू. उपाशी माणसाशी मी भांडत नाही.’

पुढं केव्हातरी तो माणूस तुळजापूरला जाताना सोलापुरात उतरला आणि पेढे घेऊन आमच्या शाळेच्या फाटकात उभा राहिला. चांगला मिशाळ, दांडगा माणूस. मॅडमना बघून लाजला. फाटकातच त्यांचं परत जुंपलं, पेढ्याचा पुडा दोघांच्या मध्ये. मी खिडकीतून बघत होते. माझ्यासाठी वाट वाकडी करून कोण आलं असतं? माझ्या माहेरची माणसंसुद्धा अकलूजहून सोलापूरला येतात ती डॉक्टरकडं, जमलं तर माझ्याकडं.

आणि त्यांचा सगळ्यात लाडका भांडखोर होता ‘ओला टॉवेल’.

असलं नाव कुणी घेतं का? पण घेतलं होतं. चादरवाली आणि टॉवेल म्हटल्यावर दोघंही सोलापूरचे हे तिथं सगळ्यांना कळलं आणि लोक चेष्टा करायला लागले, त्यातून या दोघांचं जमलं. टॉवेलचं म्हणणं, एवढी ब्राउझरं ठेवणं म्हणजे भंपकपणा. मॅडमचं म्हणणं, तो आळशी. यावर महिनोन्‌महिने खडाजंगी. रोज मधल्या सुट्टीत मॅडम मला वाचून दाखवायच्या आणि ‘‘कसलं डोकं हाय गं पोराचं!’’ असं म्हणत तोंडभर हसायच्या. ‘जेवलात का’ला तर तो अर्धं पान भरून लिहायचा. खानावळीतल्या आमटीत डाळ शोधावी लागते. शेंगाची चटणी पुण्यात विकत घेतली तर तिला चवच नाही. आज स्वतः पिठलं केलं, गुठळ्या झाल्या, गुठळ्यांसकट खाल्लं.

मी मनात म्हणायचे, कुणाचं गं बाई हे गुणी लेकरू. रोज संध्याकाळी मीही माझ्या ओंकारला फोन करून हेच विचारत होते. जेवलास का? ‘हो.’ काय जेवलास? ‘जेवलो.’

मग तो दिवस आला. संकेतस्थळावर कुणीतरी विचारलं होतं, तुमचा देवावरचा विश्वास कधी उडाला? टॉवेलनं उत्तर सगळ्यांपुढं नाही, फक्त मॅडमना वेगळ्या निरोपात लिहिलं होतं. मॅडम नेहमीसारख्या हसत वाचायला लागल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला.

‘‘बाबा दवाखान्यात होते तेव्हा आई दर सोमवारी अनवाणी सिद्धेश्वराला जायची. आली की बादलीत पाय बुडवून बसायची. मी विचारलं, काय झालं? म्हणायची, काही नाही, चप्पल चावली. अनवाणी गेलेल्या बाईला चप्पल कशी चावेल? बाबा गेले. त्यानंतर घरात पहिला दिवा लावायची वेळ आली तेव्हा आईनं देव्हारा घासून पुसून लख्ख केला. मला देवाचा राग आला नाही. आईचा आला. ती देवावर चिडली का नाही? ती माझ्यावरही कधी चिडत नाही. मी काहीही म्हटलं तरी ‘बरं, तू म्हणशील तसं’ म्हणते. अशा माणसाशी काय बोलायचं?’’

माझ्या हातातला घास हातातच राहिला. तो नवस मी कुणाला सांगितला नव्हता. ती बादली आमच्या मोरीतली. आणि ओला टॉवेल! गादीवर ओला टॉवेल टाकतो म्हणून शाळेत असताना याला मी रोज ओरडत होते. बाप होता तोवर ओरडत होते. महिनोन्‌महिने मी माझ्याच लेकराचं कौतुक ऐकत होते आणि दुसऱ्या कुणाचं म्हणून हळहळत होते.

वर्गात माझ्या आवाजानं बाकं हलतात, विचारा कुणालाही. पण बाप गेलेल्या पोराला आता एका शब्दानं दुखवायचं नाही, असं मी ठरवलं होतं आणि ते पाळलं होतं. त्याचं हे फळ. माझ्या घरातलं दुःख माझ्या शेजारी बसून दुसरीच बाई वाचत होती, डोळे पुसत होती, आणि वर मला म्हणत होती, ‘‘कुठली आई असंल गं ही, किती सोसलं असंल बाईनं!’’ त्या क्षणी मला त्यांचा फोन घेऊन भिंतीवर फेकावासा वाटला. माझं पोर, माझ्या पायांचे फोड, आणि सांगितलं कुणाला? तर हिला!

मी बोलले नाही. बोलले असते तर मधल्या सुट्टीतलं ते वाचन बंद झालं असतं, आणि मला मुलगा मिळत होता तो तेवढाच. उलट मी लबाडी सुरू केली. ‘‘मॅडम, त्या टॉवेलला विचारा ना, लग्नाचं काय म्हणतोय.’’ ‘‘मॅडम, त्याला पाठदुखी होती ना, डॉक्टरला दाखवलं का विचारा.’’

मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. ‘‘पाठदुखीचं त्यानं कधी लिहिलंय?’’

मी डब्याचं झाकण लावायला लागले. मग त्यांची नजर माझ्या पायांकडं गेली.

‘‘तुझा हाय व्हय तो?’’

मी मान हलवली. मॅडमनी फोन पालथा घातला. ‘‘आता मी वाचणार न्हाय.’’

‘‘का? माझा मुलगा आहे तो!’’

‘‘म्हणूनच. तो परक्या बाईला सांगायलाय, संध्या. मी परकी, म्हणून सांगायलाय. त्याचं तुला वाचून दाखवलं तर ती चोरी झाली. आत्तापर्यंत नकळत झाली. आता कळून कशी करू?’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘भांड की त्याच्याशी. इतकं जमत न्हाय व्हय? मी काय येगळं करती?’’

‘‘तुम्हाला सोपं आहे,’’ मी म्हटलं, आणि मग काय काय बोलले ते आठवत नाही. तुमचं काय जातंय, भांडून तो तुटला तर तुमचा एक टॉवेल जाईल, माझं सगळं घर जाईल, असं काहीतरी. शिपाई दारातून डोकावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे भांडलीस तर त्यो जाईल असं भ्या हाय तुला. असंच म्हणायचंय ना?’’ मी होय म्हटलं. पण धुतलं नाही त्यांनी मला. ‘‘मी त्याला खरं सांगणार,’’ एवढंच म्हणाल्या, ‘‘लपवून मला त्याच्याशी बोलता यायचं न्हाय. आज लिहिती, उद्या टाकती.’’

टाकलं. मला दाखवलं नाही. ओंकारचा फोन आला. ‘‘आई, वडनाल मॅडम तुझ्या शेजारी बसतात?’’

‘‘हो.’’

‘‘बरं. ठेवतो.’’

मग पुष्कळ दिवस ‘हो’, ‘बघू’ आणि ‘ठेवतो’. मधल्या सुट्टीत मॅडम डबा खायच्या, मी डबा खायचे. फोन त्यांच्या पर्समध्ये. त्यांना तो अजून लिहितो का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरून मी ओळखायला बघायचे. त्या खूश दिसल्या की मला वाटायचं, लिहिलंय वाटतं त्यानं, आणि मी डबा अर्धाच झाकून ठेवायचे.

त्याच उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. लेक हैदराबादला, तिकडं कायमच्या निघाल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. जाऊ दे एकदाची, असं वाटलं. आणि जायच्या दिवशी सकाळी ओंकार दारात उभा. दिवाळीत ‘सुट्टी नाही’ म्हणणारा मुलगा मॅडमना सोडायला पुण्याहून आला होता. घरी बॅग टाकली, चहा घेतला आणि म्हणाला, ‘‘चल, गाडी दुपारची आहे ना त्यांची?’’

स्टेशनवर त्या दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं होतं, आता गळ्यात पडतात की काय. कसलं काय! मॅडम म्हणाल्या, ‘‘एवढासाच हाईस व्हय? लिहितोस तर लई मोठं.’’ त्यानं त्यांची बॅग उचलली आणि जिन्यावरूनच दोघांचं ब्राउझरवरून सुरू झालं. पायरी चढताना भांडण, उतरताना भांडण, डबा कुठं येणार ते शोधताना भांडण. मी मागून पाण्याची बाटली घेऊन. माझ्या मुलाचा एवढा मोठा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

गाडी आली. मॅडमनी डब्याच्या पायरीला हात लावून नमस्कार केला, तोच हात कपाळाला नेला आणि आत गेल्या. माझ्या खांद्यावर जाता जाता एक चापट मारली, एवढाच आमचा निरोप. आतली जागा खिडकीचीच होती. काच बंद, आवाज इकडचा तिकडं नाही.

ओंकार हसला. ‘‘एवढं वाचतात, एवढं लिहितात, आणि लोखंडाच्या पायरीला नमस्कार!’’

एरवी मी ‘असू दे रे’ म्हटलं असतं. ते शब्द ओठांवर आलेही होते. काचेतून मॅडम आमच्याकडंच बघत होत्या. आणि माझं डोकं सटकलं. या बाईशी जिन्यावर पंधरा पायऱ्या भांडतोस, आणि मी कोण रे?

‘‘मग? तुला काय त्रास झाला त्याचा?’’ मी म्हटलं.

तो चमकला. ‘‘त्रास नाही, पण लोखंडाला कशाला...’’

‘‘लोखंडाला केला व्हय? म्हाताऱ्या माणसाला एवढ्या लांब नीट पोचव म्हणून केला. तुला कळत नसेल तर गप बैस. हसायचं काम न्हाय.’’

‘‘मग पोचवलं नाही तर? तू तर अनवाणी गेली होतीस. पोचवलं का कुणी?’’ त्याचा आवाज चढला. शेजारचा हमाल बघायला लागला. ‘‘आणि वर देव्हारा पुसत बसलीस! का पुसलास तू तो देव्हारा?’’

‘‘मग काय करू? फोडू? हाताला काहीतरी काम पाहिजे होतं मला! हात रिकामे राहिले असते तर तुझ्यापुढं ऊर बडवून घेतला असता मी. तू भिंतीला टेकून बसला होतास, परीक्षा तोंडावर होती तुझी. त्या सिद्धेश्वराला मी काय काय बोलले ते तुला काय ठाऊक? पुसता पुसता शिव्या घातल्या त्याला, मनातल्या मनात, आईवरनं!’’

‘‘मग मोठ्यानं का नाही घातल्यास?’’ तो रडत होता आणि ओरडत होता. ‘‘मला वाटलं, तुला काही वाटलंच नाही!’’

‘‘मला वाटलं नाही? मूर्खा, मला?’’

बाटली माझ्या हातातून पडली, पाणी त्याच्या बुटांवर सांडलं. मी मध्येच एकदा काचेकडं बघितलं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला होता आणि त्या आमच्याकडं टक लावून बघत होत्या. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी हात करणार होते, पण त्यांनीच मान हलवून मला नको म्हटलं. आणि ओंकार म्हणाला, ‘‘चप्पल चावली म्हणे! मला काय बावळट समजतेस?’’ तसा मी त्यांचा नाद सोडला आणि पोराकडं वळले.

गाडी कधी हलली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.